पाहुण्यांची आवक

नवरा गेला तेव्हा त्याच्या संगणकावर तीन प्रोग्राम होते. एक ब्रह्मपुरीतल्या धानाच्या गिरणीचा, एक पोंभुर्ण्याकडे मोहफूल गोळा करणाऱ्या गटाचा आणि एक मोहर्लीत पर्यटकांना घरी मुक्कामाला ठेवणाऱ्या बायांचा. पुण्यानुमोदनाला तिन्हीकडची माणसं आली आणि निघताना प्रत्येकाने हळूच विचारलं, आता हे कोण पाहणार? मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. त्याच्या शेजारी बसून थोडं शिकले होते. मी पाहीन म्हणाले. मनात ठरवलं होतं, त्याने लिहिलेलं एक अक्षरही बदलायचं नाही.

तिन्ही वेगवेगळे सांभाळणं जड जाऊ लागलं, म्हणून मी ते जसेच्या तसे एकाच ॲप्लिकेशनमध्ये आणले. दोन दिवसांत मोहर्लीच्या बाईंचा फोन आला.

"बाई, आमच्या पाहुण्यायले वाळवून पाठवाचं हाये का?"

पर्यटकांच्या पावतीवर छापून आलं होतं : ओलावा तपासणे बाकी. त्यांनी अर्थ विचारला तेव्हा, पावसात भिजून आलात ना, असं सांगून बाईंनी वेळ मारून नेली होती. मी कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. त्या मात्र पुढे म्हणाल्या, "शनवारी साऱ्या खोल्या भरल्या हायेत. तोवर नाई झालं तं आम्ही दुसरं पाहतो. भाऊचं असलं तरी."

गिरणीत येणाऱ्या धानाला नवऱ्याने 'आवक' म्हटलं होतं, मोहफुलांना आवक, आणि पाहुण्यांनाही आवकच. वेगळ्या प्रोग्राममध्ये ते खपून गेलं. एकत्र आल्यावर संगणकाने पहिली सापडली ती, गिरणीची, उचलली. उपाय पुस्तकात होता : प्रत्येक प्रोजेक्टला स्वतःची नेमस्पेस, म्हणजे त्याच्या नावांचं वेगळं घर, द्यायची. आमच्याकडे एकाच नावाची दोन गावं असली की ओळखायला एकाच्या नावाला 'चक' जोडतात, दुसऱ्याच्या नावाला 'माल'. ते विचारल्याशिवाय कंडक्टर तिकीट देत नाही. तसंच हे. नाव तेच राहणार होतं, पण त्याच्या कितीतरी ओळींना हात लावावा लागणार होता.

लावला. गिरणी, मोह, मुक्काम अशी तीन घरं केली. पावती आणि तारीख तिघांचीही, म्हणून ती 'सामाईक'मध्ये. वजन मात्र दोघांनाच लागतं. ते कुठे ठेवावं यात एक अख्खी दुपार गेली.

शनिवारी मीच फोन केला. पावत्या नीट निघत होत्या.

"भाऊनं केलतं तसंच झालं नं?"

"तसंच नाही," मी म्हणाले. "मी बदललंय."

"मंग जेवणाचंबी टाका त्यात. भाऊले सांगून सांगून थकलो होतो."

फोन कानाशी धरूनच मी 'मुक्काम'मध्ये 'जेवण' नावाची नवी फाईल उघडली आणि विचारलं, आधी काय लिहू, वरण-भात की झुणका?