तीनदा उकळलेलं पाणी

प्रयोगशाळेत नाल्याच्या पाण्याची बाटली उघडली, वास आला, की मला ती आई आठवते. तिचा मुलगा शिरोलीच्या फाउंड्रीत भाजला होता. जखमेतले जंतू कुठल्याच औषधाला दाद देईनात. अशा जंतूंना मारणारे विषाणू घाण पाण्यात सापडतात, तेच औषध म्हणून द्यायचे होते. "मला कायतरी काम सांगा," म्हणून ती मागेच लागली, तेव्हा मी तिला नाल्याचं पाणी आणायला सांगितलं.

तिने दिलेली बाटली हाताला कोमट लागली.

"पोराच्या औषधाला घाण पाणी कसं द्यायचं, मॅडम? तीनदा उकळलंय की!"

उकळल्यावर विषाणूही मरतात, हे मीच सांगितलं नव्हतं. मी दुसरं पाणी आणलं, विषाणू सापडलेही. तोवर मुलगा गेला होता.

बाराव्यानंतर ती आली.

"एवढं उकळूनबी गुण आला न्हाय व्हय, मॅडम?"

मी नुसतंच "नाही" म्हणाले.