भिंतीवरचा अर्धा हात

माझा स्वभाव तापट आहे हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे, मलासुद्धा. पण त्या दिवशी मी सासूबाईंवर जशी ओरडले, तशी आयुष्यात कुणावर ओरडले नव्हते. अजून आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आमचं घर इथे परदेशात, ब्रॉसार्ड शहरापासून पाऊण तासावर, नदीकाठी. स्वस्त मिळालं म्हणून घेतलं. का स्वस्त, ते कळायला दोन हिवाळे गेले. त्या वर्षी बर्फ वितळला, वर पाऊस कोसळला, आणि नदी रस्ता ओलांडून थेट आमच्या बेसमेंटमध्ये शिरली. बेसमेंट म्हणजे आमची अडगळ नव्हती. सासरे गेल्यावर सासूबाई नागपूरहून कायमच्या आमच्याकडे आल्या, तेव्हा तिथे त्यांच्यासाठी खोली काढली होती. पलंग, देव्हारा, वेगळं वॉशरूम. वर दोनच खोल्या, एक आमची आणि एक मुलीची.

पाणी काही उतरेना. आम्ही चौघं ब्रॉसार्डला, नवऱ्याच्या मित्राच्या कॉन्डोत, त्याच्या हॉलमध्ये पथारी टाकून. तो आणि त्याची बायको, दोघंही माणसं सोन्यासारखी. पण किती दिवस दुसऱ्याच्या सोफ्याखाली आपल्या चपला सारायच्या? मी भाड्याचं घर शोधायला लागले. फोन केला की पहिला प्रश्न, राहणार किती जण? चार म्हटलं की पलीकडचा आवाज थंड व्हायचा. जी घरं परवडत होती ती एका बेडरूमची. इन्शुरन्सवाल्यांनी तर केव्हाच हात वर केले होते, नदीचं पाणी आमच्या पॉलिसीत बसत नाही म्हणे.

सासूबाई हे सगळं ऐकत असायच्या. एकदा भेंडी पुसता पुसता म्हणाल्या, "काहून एवढी धावपळ करून राहिली तू? मला नागपूरला पाठवून द्या. राहीन भावाकडे."

भावाच्या घरी त्यांना कोण विचारतंय, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. लेक तिथेच बसली होती. ती म्हणाली, "आजी, यू कॅन हॅव माय रूम." पोरीची खोली ती केवढी, एक पलंग ठेवला की दार उघडत नाही! मी म्हटलं, "कुणी कुठे जात नाहीये. सरकारची मदत मिळाली की तुमची खोली पुन्हा बांधायची. विषय संपला."

म्हणजे सगळं त्या मदतीवर अडकलेलं. मी अप्लाय केलं, आणि एक दिवस पत्र आलं. फ्रेंचमध्ये होतं, ऑफिसातल्या मैत्रिणीने वाचून दाखवलं. इन्स्पेक्टर घर बघायला येईल, तोवर कशालाही हात लावू नका, टाकायचंच असेल तर आधी फोटो काढा. मी नवऱ्याला सांगितलं, पत्र फ्रिजवर चिकटवलं. सासूबाईंना सांगायचं मात्र दोघांनाही सुचलं नाही. त्यांच्या कानावर एवढंच आलं, की सोमवारी साहेब घर बघायला येणार.

आता आमच्याकडच्या कुठल्याही बाईला सांगा, की घर बघायला कुणी येणार आहे. ती काय करेल?

तोवर पाणी उतरलं होतं, पंप लावून बेसमेंट रिकामं केलं होतं. गुरुवारी आणि शुक्रवारी सासूबाई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, मला घरी सोड, वरच्या खिडक्या उघडते, जरा हवा खेळेल. त्याने ऑफिसला जाता जाता सोडलं. दोन दिवस ही बाई खाली राबत होती. शेजारच्या म्हाताऱ्याला खाणाखुणा करून बोलावलं, त्याच्या मदतीने भिजलेला गालिचा, गादी, पलंग, कपाट, सगळं रस्त्याच्या कडेला नेऊन टाकलं. कचऱ्याचा ट्रक आला आणि घेऊन गेला. मग जावेलचं, म्हणजे इथल्या ब्लीचचं, पाणी करून भिंती घासल्या.

सोमवारी मी जिना उतरले तर खाली जावेलचा आणि उदबत्तीचा वास. चिखलाचा टिपूस नाही!

"आई! काय केलंत हे? पुरावा होता तो! आता काय दाखवू मी त्यांना? तुमचीच खोली होती, तुमच्याच हाताने घालवलीत!"

त्यांच्या हातात खराटा होता. हळूच म्हणाल्या, "बाहेरच्या माणसाला घाण दाखवायची का गं?" आणि दाराशेजारच्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या.

तेवढ्यात इन्स्पेक्टर आली. गुडघ्यापर्यंत बूट घातलेली, माझ्याच वयाची बाई. 'बाँजूर' म्हणून तिने चारी बाजूंना पाहिलं आणि मग गोंधळून माझ्याकडे. पाणी किती चढलं होतं? मी छातीपर्यंत हात नेला. ती इंग्रजीत म्हणाली, तुमच्यावर माझा विश्वास आहे, पण कागदावर काय लिहू? फोटो? फोटो नव्हते. कॅमेरा त्याच, कचऱ्यात गेलेल्या कपाटात होता.

ती मोजमाप करत फिरली. सासूबाई जागच्या हलेनात, पदर पसरून भिंतीला चिकटलेल्या. शेवटी तिने त्यांना बाजूला व्हायची खूण केली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, चोरी पकडली गेल्यासारखं. मग सरकल्या.

त्यांच्या मागे, सगळ्या पांढऱ्या भिंतीत एक चौकोन न धुतलेला. त्यात माझा हात. ही खोली केली तेव्हा त्यांनीच मला कुंकवात हात बुडवून भिंतीवर ठसा उमटवायला लावला होता, घराच्या सवाष्णीचा. आता वरची बोटं तेवढी लाल होती. तळहातावरून चिखलाची सरळ रेघ गेली होती, आणि तिच्या खाली कुंकू ओघळून गेलं होतं.

इन्स्पेक्टरने जमिनीपासून रेघेपर्यंत टेप लावली, पाच-सहा फोटो काढले, चौकोनातली फुगलेली भिंत बोटाने दाबून पाहिली. मग विचारलं, एवढंच का नाही धुतलं? मी सासूबाईंना विचारलं.

"सवाष्णीच्या हातचं कुंकू आहे ते. मी कशी पुसू?" मग पदर सावरून म्हणाल्या, "माझं पुसलं ना, बाप्पा, मला माहीत आहे."

मला त्याचं इंग्रजी करता येईना. मी नुसती रडायला लागले. बिचारी इन्स्पेक्टर टिश्यू शोधत बसली.

मदत मिळाली. सगळी नाही, पण खोलीपुरती मिळाली. भिजलेली भिंत कापून टाकावी लागली, तिच्याबरोबर तो हातही गेला. आम्ही शरद ऋतूत घरी परतलो. नवी भिंत रंगवून झाली, त्या दिवशी मी ताटलीत कुंकू कालवलं, माझा हात उमटवला, आणि ताटली सासूबाईंपुढे धरली.

"माझा नाही चालत गं."

"खोली कुणाची आहे?"

"अगं, पण..."

"आई, मी ओरडेन हं आता."

त्या हसल्या. पदराला हात पुसला, कुंकवात बुडवला. माझ्या हाताच्या चांगला वीतभर खाली त्यांनी तो टेकवला, आणि बराच वेळ उचललाच नाही.

"एवढा खाली का?" मी विचारलं.

"पाणी आलंच, तर आधी मला लागू दे."