काकींचा नवस आणि मोरोक्कन जेवण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही — आणि ती तर "माझी पोरगी माझ्यापासून काही लपवत नाही" असं गावभर सांगत असते.

मी हिंगोलीकडची. सातवीत शाळा सुटली, पुढे कारखान्यात कामासाठी तारापूरला आले. जवळच्या कुंभवली गावात काकींकडे भाड्यानं खोली घेतली. भाड्याची म्हणायची, पण संध्याकाळी माझं ताट त्यांच्याच घरात वाढलेलं असायचं. माझं त्यांचं नातं काय? काही नाही. तरी पॅकिंगच्या मशीनमध्ये माझं बोट सापडलं, डॉक्टर कापावं लागेल म्हणाले, तेव्हा काकी देवीला नवस बोलल्या — पोरीचं बोट वाचलं तर मटण-म्हावरं कायमचं सोडीन. त्यांचं माहेर समुद्रकाठच्या केळव्याचं. मासळीशिवाय घास उतरत नसे. बोट वाचलं. त्यांनी सोडलं.

पुढे मी कंपनीत कायम झाले, तेव्हा वाटलं — यांना कधी न खाल्लेलं काहीतरी खाऊ घालावं. केळव्याला मुंबईच्या पाहुण्यांसाठी मोरोक्कन हॉटेल निघालं होतं. मोरोक्को कुठे आहे, मला आजही सांगता यायचं नाही. मेनू इंग्रजीत. वेटरला म्हटलं, मटण-मच्छी नको, नुसती भाजी. उंच टोपीसारख्या झाकणाचं मातीचं भांडं आलं. आत सांज्यासारखं काहीतरी, वर गाजर, भोपळा, मनुका. गोडसर, बिनतिखटाचं. काकी हळूच म्हणाल्या, "आजाऱ्याचं जेवण हाय गं हे." आम्ही हसलो. तेवढंच.

मग त्यांचा फोन वाजला. आत रेंज नव्हती म्हणून त्या बाहेर गेल्या. मी चमचा तळाशी घातला, तर — बारीक हाड. वेटरला विचारलं. तो शांतपणे म्हणाला, "सब्ज़ी ही है दीदी, बस गोश्त के पानी में पकती है. बदलकर ला दूँ?"

बघा — तो बदलून द्यायला तयार होता. काकींनी जेमतेम चार घास खाल्ले होते. पण बदलायचं तर त्या चार घासांचंही सांगावं लागणार. मग? त्या काय म्हणतील? उद्यापासून माझं ताट वाढतील? मी वेटरला नको म्हटलं. हाड रुमालात गुंडाळलं.

काकी आल्या. "काय सांगत होता गं तो?"

"चहा हवा का, विचारत होता."

त्यांना ते जेवण आवडलं नव्हतं. तरी मी आणलंय म्हणून त्यांनी भांडं पुसून खाल्लं. एकेक घास मी समोर बसून पाहिला. थांबवलं नाही.

तेव्हापासून रोज त्यांच्या शेजारीच जेवते — पण एकटी जेवल्यासारखी.

परवा शेजारणीनं पापलेटचं कालवण दिलं. काकींनी वाटी माझ्याकडे सरकवली. "तू खा. माझं देवीला दिलेलं हाय," आणि मग शेजारणीकडे वळून, ताठ मानेनं, "एक तुकडा नाय गेला अजून तोंडात."

शेजारीण माझ्याकडे बघून हसली, "खरंच गं?" मी हो म्हटलं, आणि भात कालवला.