आधी तिला घ्या

आम्ही तेव्हा मिलवॉकीला राहत होतो. हे एका पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. मी खाडीकाठची, मासे खाऊन वाढलेली. हे सांगलीकडचे, लग्नाआधी अंडंही न खाल्लेले. पण अमेरिकेत आल्यावर गळ टाकायचं वेड लागलं ते यांनाच. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एकदा तळ्यावर नेलं, आणि मग उन्हाळ्यापासून पानगळीपर्यंत आमचे शनिवार-रविवार उत्तर विस्कॉन्सिनमध्येच जायला लागले. माझी काही तक्रार नव्हती. डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानांतून आणलेली कोकमं घरात असायचीच, आणि ताज्या पर्च माशाचं कालवण केलं की दोन दिवस मला माहेरी गेल्यासारखं वाटायचं.

ह्यांचा स्वभाव मुळातच धास्तीचा. त्याला हे ‘प्लॅनिंग’ म्हणत. होडीत जीन्स घालायची नाही, ओली झाली की अंगातली ऊब शोषून घेते. मोजे लोकरीचेच हवेत. कोरड्या कपड्यांची पिशवी प्लॅस्टिकमध्ये बांधून घ्यायची. कुठल्या तळ्यावर जातोय नि कधी परतणार, ते केबिनच्या मालकिणीला सांगून निघायचं. आणि लाइफ जॅकेट काठावरच घालायचं, होडीत बसल्यावर नाही. ते नारिंगी धूड गळ्यात अडकवलं की मला मान वळवता यायची नाही. मी कुरकुर करत असे. हे ऐकत नसत.

ऐंशीच्या दशकाच्या मधली ती वर्षं. ऑक्टोबर होता. झाडांची पानं बरीचशी गळून गेली होती, उन्हाळ्यातली गर्दी पांगली होती. सकाळी आम्ही निघालो तेव्हा तळ्यावर धुकं होतं, पण दाट नव्हतं. काठावरची झाडं पुसट दिसत होती. हे मोटर अगदी हळू चालवत होते. मी थर्मासमधला चहा ओतत होते, तेवढ्यात यांनी मोटर बंद केली.

“ऐकतेस का?”

लांबून दुसऱ्या मोटरचा आवाज येत होता. जवळ यायचा, दूर जायचा, पुन्हा जवळ यायचा. कोणी जात-येत असेल तर आवाज एका दिशेने सरकतो. हा तिथल्या तिथेच घुमत होता.

“कोणीतरी गोल फिरतंय,” मी म्हटलं.

ह्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यांनी मोटर चालू केली आणि आवाजाच्या रोखाने होडी घेतली.

धुक्यातून ती होडी दिसली तेव्हा पहिल्यांदा मला काही कळलंच नाही. ॲल्युमिनियमची, आमच्यासारखीच होडी, एका बाजूला कललेली, आपल्याच लाटांवरून उसळत गोल गोल फिरत होती. आत कोणीही नव्हतं. मागे मोटरचा दांडा एका अंगाला पडला होता. माणूस उभा राहतो, तोल जातो, हात सुटतो, आणि दांडा तसा पडला की होडी गोल फिरू लागते, हे मला यांनी नंतर समजावलं. त्या क्षणी मात्र कोणीतरी न दिसणारा माणूस ती चालवतोय असंच मला वाटलं.

मग त्या वर्तुळाच्या आत एक डोकं दिसलं.

म्हातारा माणूस होता. होडीत बसायला घेतात ती चौकोनी तरंगती गादी त्याने छातीशी घट्ट धरली होती. त्याचीच होडी त्याच्याभोवती फेऱ्या मारत होती आणि दर फेरीला थोडी सरकत होती. आत शिरायला जागाच नव्हती. गेलो असतो तर ती आमच्यावर आदळली असती, नाहीतर आम्ही त्याच्यावर.

“त्याच्याशी बोलत राहा,” हे म्हणाले. “झोपू देऊ नकोस.” आणि नांगराची दोरी सोडायला लागले.

मी ओरडून बोलायला लागले. काय बोलले ते आठवत नाही. अर्धं मराठीतच बोलले असणार. “धरून ठेवा काका, सोडू नका, आम्ही आलोय.” त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठ निळे पडले होते. होडी आमच्या मधून गेली की तो दिसेनासा व्हायचा, मग पुन्हा दिसायचा. एकदा दिसला तेव्हा त्याने मान वळवून आपल्या डाव्या बाजूला पाहिलं आणि अगदी स्पष्ट म्हणाला, “टेक हर फर्स्ट.”

आधी तिला घ्या.

“अहो, आणखी कोणीतरी आहे! बाई आहे!”

ह्यांची नजर त्या फिरणाऱ्या होडीवरच होती. पिवळी दोरी त्यांनी होडीच्या वाटेवर लांबवर फेकली. ती पाण्यावर तरंगत राहिली. होडी तिच्यावरून निघून गेली. ओढून घेतली, पुन्हा फेकली. या वेळी दोरी पंख्यात गुंतली, मोटर गुरगुरली, कण्हली आणि बंद पडली.

सगळं इतकं शांत झालं की मला आमचे श्वास ऐकू यायला लागले.

आम्ही त्याला होडीच्या मागच्या अंगाने वर ओढलं. बाजूने ओढलं असतं तर आम्हीच उलटलो असतो. भिजलेल्या कपड्यांत त्याचं वजन किती होतं, सांगता येत नाही. आत आल्याबरोबर तो पुन्हा कडेकडे सरकायला लागला. बोटं वळत नव्हती, तरी पाण्याकडे दाखवत होता. “हर. हर.”

ह्यांनी हळूहळू एक चक्कर मारली. मी दोन्ही बाजूंना हाका मारल्या. पाणी सपाट होतं. टोपी नाही, हात नाही, काही नाही. धुक्यात प्रत्येक सावली बाईसारखी वाटत होती.

मग यांनी होडी काठाकडे वळवली.

“अहो, ती?”

“हा मरेल,” हे म्हणाले. “आधी याला पोचवू.”

मी त्या माणसाचे ओले कपडे काढून त्याला आमच्या कोरड्या कपड्यांत आणि घोंगडीत गुंडाळत होते, आणि सारखं मागे पाहत होते. आपण एका बाईला पाण्यात सोडून चाललोय, एवढंच डोक्यात होतं. त्याचं थरथरणं थांबलं होतं, आणि ते चांगलं लक्षण नाही, हेही मला यांनीच कधीतरी शिकवलं होतं.

केबिनच्या मालकिणीने फोन केले. कोणीतरी ब्रँडीची बाटली आणली, ती तिने हाताने मागे सारली, गारठलेल्या माणसाला दारू देत नाहीत म्हणाली. ॲम्ब्युलन्स त्याला घेऊन गेली. शेरीफची माणसं आली, शेजारच्या केबिनवाल्यांनी आपापल्या होड्या काढल्या. त्याचा ट्रक तळ्याच्या पलीकडच्या उतारावर सापडला. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर बाईचा निळा स्वेटर नीट घडी करून ठेवलेला होता. ते कळल्यावर कोणाच्या मनात शंका उरली नाही. पाणबुडे आले. लांब दोरांना आकडे बांधून तळ चाळायला लागले. ऊन पडलं, धुकं विरलं, तळं निळंशार झालं. मी काठावर उभी होते. मालकीण म्हणाली, आत येऊन बस. मला बसवेना.

ट्रकच्या नंबरवरून शेरीफच्या माणसांनी घर शोधलं होतं. दुपारी त्याची मुलगी आली. माझ्याच वयाची. आधी दवाखान्यात जाऊन आली होती. शेरीफच्या माणसाने तिला बाजूला नेऊन हळू आवाजात विचारलं, आई बरोबर होती का?

ती त्याच्याकडे पाहतच राहिली. “आई मागच्या हिवाळ्यात गेली,” ती म्हणाली. “घरी, अंथरुणात. तो तिचा स्वेटर आहे. डॅड तो सगळीकडे बरोबर नेतो.”

होड्या एकेक करून काठाला लागल्या. मुलगी माझ्याजवळ आली आणि पाण्यात वडील काय म्हणाले ते तिने विचारलं. मी सांगितलं. त्याने मान कुठे वळवली, तेही सांगितलं. तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

“आई जन्मात कधी होडीत बसली नाही,” ती म्हणाली. “तिला पाण्याची भीती होती. काठावरसुद्धा ती खुर्ची मागे ओढून बसायची.”

दुसऱ्या दिवशी परतताना आम्ही दवाखान्यात गेलो. तो उशांना टेकून बसला होता, सूप पीत होता. इतकं थंड पाणी असं धुकं डोक्यातही आणतं, डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगितलं होतं. त्याने आमचे हात हातात धरून ठेवले. मासा जाळीत घ्यायला उभा राहिलो, पुढचं काही आठवत नाही, म्हणाला. मग त्याने विचारलं, “मी काही बोललो का?”

मुलगी त्याच्या मागे उभी होती. तिने जेमतेम मान हलवली, ‘नको’ अशी.

“थंडी वाजतेय म्हणालात,” हे म्हणाले.

तो समाधानाने हसला.

त्याला ती आठवत नव्हती, मुलीच्या मते ती तिथे असूच शकत नव्हती. मला मात्र ती पुढे कित्येक वर्षं दिसत राहिली. चेहरा नसलेली, पाण्याला घाबरणारी एक बाई, तळ्याच्या मधोमध, आमची होडी लांब जाताना बघत असलेली. भांडी घासताना दिसायची. मुलांना पोहायच्या क्लासला सोडून काचेमागे बसले की दिसायची. डॉक्टरांचं म्हणणं मला पटलं होतं. पटून उपयोग नव्हता. ती नव्हती हे आम्हाला दुपारी कळलं. सकाळी ती होती, आणि तिला सोडून आम्ही निघालो होतो.

ह्यांच्याशी मी कधी हे बोलले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. पुढच्या वर्षी आम्ही दुसऱ्या तळ्यावर जायला लागलो. यांनी मोटरला मनगटात अडकवायची दोरी बसवून घेतली, म्हणजे माणूस पडला की मोटर आपोआप बंद होईल. महाराष्ट्र मंडळातली मित्रमंडळी बरोबर आली की जॅकेटवरून हे इतके मागे लागत की लोक चेष्टा करत. मी आता कुरकुर करत नसे.

बऱ्याच वर्षांनी एकदा, संध्याकाळी गळ गुंडाळून निघायची वेळ झाली. ह्यांनी मोटर चालू केली, पण होडी सरळ काठाकडे नेली नाही. आम्ही बसलो होतो त्या जागेभोवती अगदी हळू एक चक्कर मारली. पाण्याकडे बघत. मग मला आठवलं, हे दर वेळी असंच करत आले होते. मी फक्त कधी नीट पाहिलं नव्हतं.

“काय बघताय?” मी विचारलं.

“काही नाही,” हे म्हणाले. “जाळी पडली की काय बघत होतो.”

जाळी त्यांच्या पायाशीच होती.