चक्कर मोजण्याचं यंत्र

सासूबाईंसाठी घरात ब्लडप्रेशरचं मशीन घ्यावं, असं सगळ्यात आधी मी म्हणाले. त्याबद्दल माझं पुष्कळ कौतुक झालं आणि ते मी करून घेतलंही. मशीन का हवं होतं, हे मात्र मी कुणाला सांगितलं नाही.

नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. आम्ही लखनौला तेलीबागेत राहत होतो. नवरा अमौसीला विमानतळावर नोकरीला, मी हजरतगंजमधल्या एका बँकेत. सासरे गेल्यावर सासूबाई सांगली सोडून कायमच्या आमच्याकडे आल्या. ब्लडप्रेशर त्यांना आधीपासून होतं. इथल्या डॉक्टरांनी सकाळची गोळी वाढवून दिली आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना चक्कर यायला लागली.

यायची ती सकाळी, पूजा आटोपून पाटावरून उठताना. म्हणजे नेमकी माझ्या निघण्याच्या वेळेला. पर्स खांद्याला, दारात रिक्षा उभी, आणि आतून हाक यायची, "अगं, जरा धर गं मला." मी चपला काढून आत जायची, त्यांना खुर्चीत बसवायची, पाणी द्यायची. पाच-दहा मिनिटांत त्यांना बरं वाटायचं. मला मात्र बँकेत मॅनेजरसमोर उभं राहावं लागायचं. रविवारी त्यांना कधी चक्कर आल्याचं मला आठवेना. रविवारी नवरा हात देऊन त्यांना सावकाश उठवतो, हे मी लक्षातच घेतलं नाही. हे दुखणं माझ्या नोकरीवर आहे, असं माझ्या मनानं घेतलं.

डॉक्टर म्हणाले होते, "चाहें तो घर पर मशीन रख लीजिए, वैसे ज़रूरी नहीं है।" नवऱ्याला ते पटत नव्हतं. "आई दिवसभर तेच करत बसेल. आकडा चढला की घाबरेल, आणि घाबरली की आणखी चढेल." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तरी मी चार दिवस त्याच्या मागे लागले.

"चक्कर येते तेव्हाच किती आहे ते कळायला नको का? दवाखान्यात नेईपर्यंत ती गेलेली असते."

तो म्हणाला, "आईचा तू माझ्यापेक्षा जास्त विचार करतेस."

मी भाजी चिरत होते. मान वर केली नाही. मला पुरावा हवा होता.

मशीन मी हजरतगंजमधूनच आणलं, बँक सुटल्यावर. दुकानदारानं विचारलं, "किसके लिए चाहिए, मैडम?" मी म्हटलं, "सास के लिए।" "ऐसी बहू सबको मिले," असं म्हणत त्यानं ते बांधून दिलं. घरी आल्यावर सासूबाईंनी दंड पुढे करण्याआधी ब्लाउजची बाही नीट केली, फोटो काढायचा असल्यासारखी. मी पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला. त्या हरखून आकड्यांकडे बघत होत्या.

दुसऱ्याच सकाळी चक्कर आली. मी त्यांना खुर्चीत टेकवलं, पाणी दिलं, त्या जरा शांत होईपर्यंत थांबले आणि मग मोजलं. एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी.

"आई, एकदम नॉर्मल आहे!" माझ्या आवाजातला आनंद माझा मलाच ऐकू आला.

"हो का?" त्या म्हणाल्या. "पण सगळं फिरल्यासारखं झालं गं."

पुढचे दोन दिवसही तसंच. नंतर नंतर मी आकडा मोठ्यानं वाचायला लागले, आतल्या खोलीत नवऱ्याला ऐकू जाईल असा.

एके सकाळी त्यांनी उठताना भिंत धरली. आमची आठ वर्षांची मुलगी तिथेच बसून शाळेच्या बुटाची नाडी बांधत होती. मराठी तिला सगळं कळायचं, पण बोलायची हिंदीत. मान वर न करता ती म्हणाली, "आजी, झूठ क्यों बोलती हो? मशीन में तो सब ठीक आता है।"

सासूबाई माझ्याकडे बघायला लागल्या. मी पोरीला रागावायला हवं होतं. मी म्हणाले, "चल, रिक्षा आली." ते बोलणं तिचं नव्हतंच. मी फोनवर बहिणीला सांगत होते, तेव्हा तिनं ऐकलं होतं.

त्या दिवसापासून सकाळची हाक बंद झाली. मी वेळेवर बँकेत पोचायला लागले. मशीन कपाटात गेलं. मी जिंकले होते.

दोन-तीन आठवडे गेले असतील. ऐन थंडीत बँकेत शेजारणीचा फोन आला. "भाभीजी, माताजी गिर गई हैं।" पूजेवरून उठून भिंतीभिंतीनं स्वयंपाकघरापर्यंत गेल्या होत्या आणि तिथे पडल्या. उजवं मनगट मोडलं होतं.

प्लास्टर झाल्यावर मी त्यांना आमच्या डॉक्टरांकडे नेलं, मशीनही सोबत घेतलं. त्यांनी त्याच मशीननं आधी सासूबाईंना झोपवून प्रेशर मोजलं, मग उभं करून. उभ्यानं आकडा धाडकन खाली आला होता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "खड़े होकर कभी नापा था?"

"नहीं। बिठाकर।"

"बैठने पर तो ठीक ही आएगा।" त्यांनी मशीन परत दिलं. "इसमें कोई खराबी नहीं है।"

गोळी कमी केली. आठवड्याभरात चक्कर थांबली. नवऱ्यानं सगळ्यांना सांगितलं, की हिनं मशीन आणलं म्हणून आईकडे इतकं तरी लक्ष राहिलं. मी तिथेच उभी होते.

हात गळ्यात होता, तोवर त्यांची वेणी मीच घालायची. एका दुपारी त्या व्हरांड्यात उन्हाला पाठ करून बसल्या होत्या, मी मागे. त्या आपणहून बोलायला लागल्या, अगदी सहज, कुणाची तक्रार करावी तशा नाही.

"खरं सांगू का, मशीन रोज बरोबर म्हणायचं ना, तेव्हा मलाच वाटायला लागलं होतं, की मी ढोंग करतेय की काय. फिरायचं तर खरंच. पण वाटायचं, एकटी पडलेय म्हणून मनच असं करत असेल. म्हणून मग म्हटलं, गप्प बसावं."

त्यांचं तोंड पलीकडे होतं. सांगायचं असतं तर तेव्हाच सांगता आलं असतं. माझ्या हातात त्यांचे विरळ, पांढरे केस होते.

मी म्हणाले, "मान जरा सरळ ठेवा, आई. गुंता आहे."