बंदोबस्तमामा

दवाखान्याची पायरी चढली की माझा मामा हिंदी बोलू लागे. घरात, वाडीत, डहाणूच्या बाजारात तो आमच्यासारखाच बोलायचा. पण औषधाचा वास आला की "पेशंट को आराम करने दो" सुरू. नात्यात कोणीही आजारी पडलं की ताबा घ्यायला हा हजर. म्हणून त्याला आम्ही बंदोबस्तमामा म्हणायचो, आणि त्याला ते कौतुक वाटायचं. मला त्या माणसाची मनापासून चीड आहे. तो गेला म्हणून ती कमी झालेली नाही.

आई चिकूच्या वाडीत घसरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी तलासरीच्या शाळेत शिकवते, म्हणून दिवसा मामा बसू लागला. त्याने लगेच आईचा चष्मा, कानाचं मशीन आणि कवळी रुमालात बांधून आपल्या कपाटात नेऊन ठेवली. "इथे चोऱ्या होतात!" पाणी घोटभरच देई, कारण सारखं बेडपॅन कोण मागवणार? आमच्याकडे माणूस दवाखान्यात असलं की अर्धं गाव भेटायला येतं. उधव्याहून मावशी एसटीने आली, धाकट्या डहाणू गावातून आईच्या मैत्रिणी आल्या. दारात खुर्ची टाकून बसलेल्या मामाने सगळ्यांना परत पाठवलं.

आई बरळू लागली. तिला भिंतीवर मुंग्या दिसायच्या, ती सलाईन ओढायची. एका संध्याकाळी मला म्हणाली, "बाई, तुम्ही कोण?" मी तिला पुन्हा पुन्हा माझं नाव सांगत राहिले. मामाने मात्र साऱ्या नातेवाइकांना फोन लावले. "ताईचं डोकं गेलं. आता घरी नेऊन उपयोग नाय. एक आश्रम बघून ठेवलाय मी." आई आपल्या घरी परतणार की नाही, हे त्या शहाण्याने फोनवरच ठरवून टाकलं!

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना आईचे हात पंच्याने खाटेला बांधलेले दिसले, आणि शेजारी मामाच्या स्वतःच्या झोपेच्या गोळ्यांची पट्टी. त्या कडाडल्या, "हे वेड नाही, याला डिलिरियम म्हणतात, तात्पुरता भ्रम. वय, ऑपरेशन, दुखणं हे होतंच. त्यात तुम्ही चष्मा काढला, मशीन काढलं, पाणी तोडलं, वर या गोळ्या दिल्या! माणूस भरकटणार नाही तर काय?"

मामाने गंभीरपणे मान डोलावली. "करेक्ट, डॉक्टर. म्हणजे मेंटलच ना?"

बाईंनी त्याला तिथून हाकललं. मी रजा टाकली. चष्मा, मशीन, कवळी परत आणली, खिडकी उघडली. मावशी उशाशी बसून दिवसभर वाडीच्या गोष्टी सांगू लागली. आई हळूहळू माणसांत आली.

घरी सोडायच्या दिवशी मामा पेढे घेऊन उगवला. आईने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि मला विचारलं, "हा कोण गं?"

"बघा, अजून ठिकाणावर नाय!" मामा खुशीत म्हणाला.

गाडीत बसल्यावर आईने माझा हात धरला. "त्याला ओळखणार नाही होय? कडेवर घेऊन वाढवलाय मी त्याला." मग ती आपली मनगटं चोळू लागली. "हात बांधत होता तेव्हाही ओळखलं होतं. तुझ्या पाया पडते, सोड, म्हणाले मी. धाकट्या भावाला."