अक्कांचा बटणांचा डबा

त्या सकाळी मी बंगळुरात यशवंतपूरला, आमच्या पीजीच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होते. फोन दोनदा वाजला. पहिला मेल होता, आणि त्याची मी कितीतरी दिवस वाट पाहत होते. घरोघरी इंटरनेटसाठी जो छोटा राउटर असतो, त्याचं सॉफ्टवेअर जगभरातले लोक मिळून, हौसेनं तयार करतात. अशाच एका प्रकल्पाला मी माझी एक सुधारणा पाठवली होती. ती तपासणाऱ्यानं लिहिलं होतं, ‘मान्य आहे. ही कल्पना एका अक्कांनी सुचवली असं तुम्ही म्हणता. मग त्यांचं पूर्ण नाव खाली लिहा आणि परत पाठवा.’ मी ओल्या हातांनीच अक्कांना फोन लावणार, तेवढ्यात दुसरा निरोप दिसला. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर आला होता... अक्का पहाटे झोपेतच गेल्या.

मी बराच वेळ दोन्ही निरोप आळीपाळीनं वाचत राहिले. आणि मग लक्षात आलं, की मला त्यांचं पूर्ण नाव माहीतच नाही.

आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली. गाव अथणीकडचं, वडिलांची पिठाची गिरणी. बंगळुरात आले तेव्हा इंग्रजी घाबरवायचं, कन्नड गावाकडची म्हणून मुली हसायच्या, आणि मराठी बोलायला कुणी नव्हतं. शिवाजीनगरच्या बस स्टँडमागं जुन्या मराठी कुटुंबांचं एक मंडळ आहे, तिथं कार्यक्रमानंतर जेवण असतं, असं कळलं म्हणून गेले. खरं सांगते, जेवणासाठीच गेले. पंगतीत शेजारी पांढऱ्या केसांच्या, चष्मा गळ्यात लोंबणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, “काय शिकतीस ग पुट्टी?” पुट्टी म्हणजे छोटी. मी म्हटलं, “कॉम्प्युटर.” त्या म्हणाल्या, “ते तर बेंगळुरात कुत्री-मांजरंसुद्धा शिकतात. तू त्यात काय करतीस, ते सांग.” मला काही सांगता आलं नाही. त्यांनी माझ्या पानात आणखी एक होळिगे, म्हणजे आपली पुरणपोळी, वाढायला लावली आणि म्हणाल्या, “सरी, असू दे. खा. पुढच्या वेळी सांग.” त्या एका मोठ्या कंपनीचं नेटवर्क सांभाळून निवृत्त झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. लग्न केलं नव्हतं, धाकट्या भावाकडे राहायच्या. सगळं मंडळ त्यांना अक्का म्हणायचं, म्हणून मीही म्हणू लागले.

पुढच्या वेळी मात्र माझ्याकडे सांगायला काहीतरी होतं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला मी एक विषय घेतला होता. आपण इंटरनेटवर काहीही पाठवलं की ते लहान लहान पाकिटांतून जातं. वाटेत एखाद्या पाकिटाचे तुकडे करावे लागले, तर ते पलीकडे पुन्हा जुळवता यावेत म्हणून प्रत्येक पाकिटाला एक ओळखक्रमांक असतो. पुष्कळ जुनी यंत्रं हे क्रमांक ओळीनं देतात, एकामागून एक. त्यामुळे दूर बसलेल्या लबाड माणसाला पुढचा क्रमांक ओळखता येतो, आणि तो आपला खोटा तुकडा मध्येच घुसवू शकतो. मी क्रमांक ओळखता येऊ नयेत म्हणून खटपट करत होते. अक्कांनी ऐकून घेतलं आणि मोठ्यानं हसल्या. “अय्यो, हे तर आपल्या चपलांचं झालं की!”

मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला दाराशी चपला ठेवायची सोय असते. चपलेच्या तळाला खडूनं आकडा लिहायचा आणि तोच आकडा चिठ्ठीवर लिहून द्यायचा. आदल्या वर्षी कुणा महाभागानं आपल्या चिठ्ठीवरचा आकडा पाहिला, रांगेत मागच्या पाहुण्याला पुढचाच आकडा मिळणार हे ओळखलं, तशी चिठ्ठी खिशातल्या कागदावर लिहिली आणि पाहुण्याचे नवे बूट घेऊन गेला. अक्का म्हणाल्या, “तुझा प्रोजेक्ट या वर्षी चपलांवर करू.”

मी उत्साहानं बसले. क्रम नाहीच ठेवायचा, मनात येईल तो आकडा लिहायचा. माणसं येत होती, मी आकडे लिहीत होते आणि मला फार हुशार झाल्यासारखं वाटत होतं. जेवणं झाली आणि बोम्मसंद्राच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण दारात उभा राहून ओरडू लागला, “अहो, माझे बूट कुठायत? ही रबराची चप्पल माझी नव्हे!” मी एकच आकडा दोघांना देऊन बसले होते. शेवटी शिवाजीनगरातच शिवणकामाचं दुकान असलेले गायकवाड अण्णा त्याचे कोरे बूट घालून, रस्ताभर ऐटीत चालून, घराच्या पायरीवरून परत आले. तरुण म्हणाला, “अण्णा, पायात काय आहे ते कळलं नाही?” अण्णा म्हणाले, “कळलं की. मला वाटलं, मंडळानं एकदाचा सत्कार केला.”

मला रडू येत होतं. अक्का शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, “मनात येईल तो आकडा म्हणजे माणसाची सवय असते. बघ, सगळे तुझे सातवरच संपलेत.” मी म्हटलं, “प्रोग्रॅममध्ये मशीन निवडतं, अक्का. मी नाही.” “असू दे. पहिलं पाकीट वाटेत असतानाच मशीननं तोच आकडा दुसऱ्याला दिला तर? याचा तुकडा त्याला जाऊन चिकटेल. बूट-चप्पल एक होईल.” त्या माझ्याच प्रोजेक्टमधल्या भोकात बोट घालून दाखवत होत्या.

पुढच्या कार्यक्रमाला गायकवाड अण्णांनी कोटाची मोठी बटणं आणून दिली. आम्ही त्यांवर आकडे रंगवले, प्रत्येक आकडा एकदाच, आणि ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली. माणूस आला की डबा खडखड हलवायचा, न बघता बटण काढायचं, त्यावरचा आकडा चपलेवर लिहायचा आणि चिठ्ठीऐवजी ते बटणच द्यायचं. चपला घेऊन गेलेल्याचं बटण लगेच डब्यात टाकायचं नाही, शेजारच्या पिशवीत ठेवायचं. “स्वल्प बाहेर राहू दे ते,” अक्का म्हणायच्या, “गेलेला माणूस लांब जाऊ दे, मग आत घे.” पुढचा आकडा ओळखता येत नाही, आणि कुठलाही आकडा एका वेळी दोघांकडे नसतो. मी हेच प्रोग्रॅममध्ये केलं. अक्का रांगेतल्या प्रत्येक माणसासाठी डबा हलवायच्या, आधीच हललेला असला तरी. कुणी घाई केली तर म्हणायच्या, “तुला लवकर जायचंय की आपल्या चपलेत जायचंय?”

मग ती सुधारणा राउटरच्या प्रकल्पाला पाठवायची वेळ आली, आणि माझा हात थांबला. एवढ्या मोठमोठ्या लोकांत गिरणीवाल्याची मुलगी काय सांगणार... मी रोज उद्यावर ढकलत होते. एका रविवारी अक्कांनी लॅपटॉप घेऊन घरी बोलावलं. समोर अवरेकाईचा, म्हणजे वालाच्या शेंगांचा, ढीग होता. “सोलून होईपर्यंत पाठवायचं. नाहीतर सांबार मिळणार नाही,” त्यांनी बजावलं. शेंगा त्यांनी सोलल्या, मी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून पुसलं. शेवटची शेंग हातात धरून त्या माझ्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी पाठवलं. तेव्हाच त्या म्हणाल्या होत्या, “मान्य झालं तर माझं नाव पण टाक हो. स्वल्प मोठ्या अक्षरात. इतकी वर्षं नेटवर्क सांभाळलं, कुठं नाव नाही माझं.” मी हसून हो म्हटलं, आणि नाव काय ते विचारलंच नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या भावाकडे, रामोजी अण्णांकडे गेले. अशा वेळी हे कसं विचारावं, कळेना. चाचरत सगळं सांगितलं. ते म्हणाले, “एल. सरोजाबाई. एल म्हणजे लक्ष्मणराव, आमचे वडील. आडनाव माने, पण ते तिनं ऑफिसात कधी लावलं नाही.” मी म्हटलं, “मोठ्या अक्षरात लिही म्हणाल्या होत्या.” ते डोळे पुसता पुसता हसले. “म्हणणारच ती!”

तिथं अक्षरं लहान-मोठी करता येत नाहीत. म्हणून माझ्या नावाखाली, सुचवणाऱ्याच्या ओळीत, मी त्यांचं सगळं नाव कॅपिटल अक्षरांत टाइप केलं. कुणी दुरुस्त करायला सांगेल असं वाटलं होतं. कुणी सांगितलं नाही. ते तसंच आत गेलं.

गेल्या रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता. दाराशी मी एकटीच बसले होते. रांग वाढली, म्हणून मी घाईनं डब्यात हात घालून बटण काढलं आणि पुढे केलं. समोर गायकवाड अण्णा होते. त्यांनी हात मागे घेतला. “आधी हलव,” ते म्हणाले. मी बटण परत आत टाकलं, झाकण लावलं आणि डबा हलवला... खडखड, खडखड. आतून दोघंचौघं वळून बघू लागले, जणू कुणी ओळखीचं आलंय. अण्णांनी नवं बटण घेतलं, उजेडात धरून आकडा पाहिला आणि मान हलवली.

“नाही ओळखता आला,” ते म्हणाले, आणि समाधानानं आत गेले.